तिसऱ्या रांगेची ट्रायल

सिबिल हा शब्द अकिलाच्या कानावर वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पडला, आणि त्याच आठवड्यात घरात पहिल्यांदा तिला विचारून भाजी झाली.

झालं होतं असं, की तिच्या मुलाला, हाशिमला, गाडी घ्यायची होती. साधीसुधी नाही, सात माणसांची, वर काचेचं छत उघडणारी. पुढच्या महिन्यात त्याच्या मेहुण्याची बारात नसरापूरहून कोल्हापूरला जायची होती आणि त्याच्या साडूनं नुकतीच अशी गाडी दारात उभी केली होती. सासरे साडूच्या गाडीतून जाणार आणि आपण बसमधून, हे हाशिमच्या घशाखाली उतरत नव्हतं. खानदानाची अब्रू जाईल, असं तो म्हणे. खानदान म्हणजे भोरच्या एसटी स्टँडामागं गाड्यांची सीटं शिवणारी तीन पिढ्यांची माणसं. त्यांनी आजवर हजारो गाड्यांत बूड टेकवलं होतं, पण ते शिवण तपासायला. अब्रूचा विषय कधी निघाला नव्हता.

गाडी ठरली, रंग ठरला, फक्त कर्ज मिळेना. अकिलाच्या नवऱ्याचं, नजीरचं, नाव बिलालच्या टेम्पोनं खाल्लं होतं. बिलाल म्हणजे नजीरच्या धाकट्या बहिणीचा, नसरीनचा नवरा. टेम्पो बिलालचा, जामीन नजीर आणि पुढचे हप्ते कुणाचेच नाहीत, असा तो कारभार झाला होता. हाशिमचं स्वतःचं नाव दोन मोबाईल आणि एका फ्रिजच्या हप्त्यांत अर्धमेलं झालेलं. वरवे फाट्यावरच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून पगार बरा होता, तरी फायनान्सवाल्यानं मान हलवली. सोबत एक चांगलं नाव लागेल, म्हणाला. मग घरात चांगलं नाव शोधायला निघाले, तर ते शिलाई मशीनवर बसलेलं सापडलं. बचत गटाची सहा कर्जं अकिलानं तारखेच्या आधी फेडली होती, आणि ते सिबिलच्या कॉम्प्युटरला ठाऊक होतं. घरच्यांना नव्हतं.

तेव्हापासून तिची चंगळ चालली होती. नजीर स्वतः उठून पाणी पिऊ लागला. नसरीन दोनदा शीरखुर्मा घेऊन आली, ईद नसताना.

अकिलाच्या पर्समध्ये मात्र तीन आठवड्यांपासून दुसराच एक फॉर्म घडी घालून पडला होता. पतसंस्थेचा. तिला जाड रेक्झीनवर न अडखळता चालणारी मोटरची मशीन घ्यायची होती. नजीरची कंबर गेल्यापासून दुकान तीच चालवत होती, सून गुलफशाला हाताशी धरून, आणि पायमशीनवर चार पदर शिवताना तिचे गुडघे रात्रभर ठणकत. त्या फॉर्मवर जामीनदार म्हणून पगारदार माणसाची सही हवी होती. हाशिमला तिनं चारदा सांगितलं. चारही वेळा तो म्हणाला, "बघतो, अम्मी."

पतसंस्थेचे सेक्रेटरी सावळाराम यांनी तिला शुक्रवारी स्पष्ट सांगितलं होतं, "काकी, उद्या बाराच्या आत फॉर्म आणा, दुपारी मंडळाची बैठक हाय. आन एक ध्यानात ठेवा, गाडीच्या कर्जाला तुमी सही केली, की मशीन इसरायची. एका नावावर दोन वझी आमी टाकत न्हाई."

तो उद्याचा दिवस आज उजाडला होता, आणि साडेनऊ वाजता दुकानापुढं गाडी येऊन उभी राहिली.

शोरूमची सोनिया गाडी घेऊन आली होती. ती वेताळपेठेतलीच पोर, पुण्याला नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. महिनाअखेर होती, त्यामुळे ती फार गोड बोलत होती. बगलेत कागदांची फाइल होती, त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या, जिथं जिथं अकिलानं सही करायची तिथं तिथं.

नजीर गाडीभोवती एक फेरी मारून आला. "तोंड असं रागात का हाय हिचं?" त्यानं विचारलं. "आमच्या येळंच्या जीपचे दिवे गोल होते. गरीब वाटायची. हिनं डोळं बारीक केल्यात, जणू आपणच हिचं काय देणं लागतो."

"लागणारच हाये, अब्बा, सात वर्षं," गुलफशा हळूच म्हणाली. हाशिमनं तिच्याकडं पाहिलं, तशी ती ओढणी सारखी करू लागली.

"ॲग्रेसिव्ह लूक आहे काका," सोनिया म्हणाली. "हल्ली लोकांना हाच आवडतो."

बिलालनं दार उघडून आत डोकं घातलं होतं. स्वतःच्या टेम्पोचे नऊ हप्ते भरून पळालेला हा माणूस कर्जाच्या बाबतीत घरात तज्ज्ञ समजला जाई, कारण वसुलीवाल्यांशी त्याच्याइतकं कुणीच बोललं नव्हतं. "हाशिम, सात वर्षांचाच हप्ता घे. हप्ता बारका बसतो. आन शनिवार-रविवार मला दे, पानशेतला पुण्याची पार्टी सोडत जाईन. गाडी स्वतःचा हप्ता स्वतः काढंल."

"टेम्पोबी तसाच काढणार व्हता," नजीर म्हणाला.

"भाई, जुनं काय उकरायचं?" नसरीन मधे पडली. "पोरानं एवढी हौस केली. सात सीट हायेत. सगळी मिळून जाऊ कोल्हापूरला. भाभी, तुमी फकस्त सही करा."

आतली सीटं मलईच्या रंगाची होती. चार महिने चिखल आणि आठ महिने धुरळा असलेल्या भोरात मलईच्या रंगाची सीटं.  आधी बसून बघते, एवढंच अकिला म्हणाली.

बसण्यात मात्र कुणाला काही विचारावं लागलं नाही. हाशिम स्टिअरिंगवर, शेजारी सोनिया. मधल्या रांगेत नजीर, नसरीन आणि बिलाल असे जाऊन बसलेसुद्धा. मग सोनियानं बिलालला उठवलं, त्याचं सीट एक खटका दाबून पुढं पाडलं आणि त्या फटीतून अकिला आणि गुलफशा मागं शिरल्या. सीट परत उभं राहिलं, बिलाल परत बसला आणि सासू-सून आत बंद झाल्या. मागं दार नव्हतं. काच होती, ती उघडत नव्हती.

"बसली का नीट, अम्मी?" हाशिमनं आरशात न बघता विचारलं.

"बसली," अकिला म्हणाली.

तिचे गुडघे छातीला लागले होते. आधाराला तिनं डावा हात सीटच्या कोपऱ्यात टेकवला, आणि हात तिथंच थांबला. चाकाच्या फुगवट्यासाठी कोपऱ्यात तिरपा काप होता, त्याच्या आत पट्ट्याच्या कुलपासाठी बोटभर भोक. तिनं वीत टाकली. बसायची खोली सोळा इंच. पुढची झालर सात.

हे सीट ती ओळखत होती. गेला आठवडाभर तिनं हेच शिवलं होतं.

हाशिमनं मापाचा कागद आणून दिला होता. पुण्याची पार्टी आहे, सात सीटचा सेट, मरून आणि काळा, पायपिंग पांढरं, घाई आहे म्हणाला. तो तिरपा काप तिला तीनदा उसवावा लागला होता. मागच्या सीटचं माप बघून ती गुलफशाला हसत म्हणालीही होती, "हितं कुणाला बसवणार हायेत ही लोकं, कोंबड्यांना?"

तिला राग आला. रागापेक्षाही लाज जास्त वाटली, की बत्तीस वर्षं सीटं शिवणाऱ्या बाईला आपल्याच बसायच्या जागेचं माप हातात असून कळलं नाही. बेतलं होतं सगळं तिच्यासाठी, आणि बेतून घेतलं होतं तिच्याच हातून.

"गुलफशा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पुण्याची पार्टी कोण?"

गुलफशानं आधी मधल्या रांगेकडं पाहिलं. तिथं बिलाल काचेच्या छताकडं बघत होता आणि नसरीन एसीचा वारा कुठून येतो ते शोधत होती. "अम्मी, म्या कालच ऐकलं," ती कुजबुजली. "बुकिंग भरलंय त्यांनी. पंधरा दिवस झालं. म्हनले, अम्मी सही करणारच हाय, कव्हरं तयार असूं देत."

"तुला पायजे का गाडी?"

"मला व्हय?" गुलफशा म्हणाली. "मला मोटरची मशीन पायजे. पण मला कुणी इचारलं न्हाई."

अकिलानं तिच्या हातावर हात ठेवला. दुसरं काही करायला जागाही नव्हती.

कापूरहोळच्या चौकात हाशिमनं चहासाठी गाडी थांबवली. मागच्या दोघींना बाहेर काढायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांच्या हातात कप आल्यावर सोनियाला आठवण झाली. अकिला उतरली, पाय झटकले, चहा घेतला आणि अगदी सहज विचारलं, "हाशिम, कोल्हापूरला जाताना कोण कुठं बसायचं, ते सांग की एकदा. म्हणजे सही करायला बरं."

सही शब्द ऐकून हाशिम फुलला. "ते म्या ठरवूनच ठेवलंय. गाडी म्या चालवणार. शेजारी सासरे. ते पुढंच बसतात, साडूच्या गाडीतबी पुढंच बसले व्हते. मधी सासूबाई, गुलफशा आन गुलफशाची चुलती."

"आन मी?" नजीरनं विचारलं.

"तुमी आन अम्मी मागं, अब्बा. चार तासांचा तर सवाल हाय."

नजीरनं कप खाली ठेवला. कंबरेतल्या दोन मणक्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते, ते त्यानं घरात इतक्यांदा सांगितलं होतं की दुकानातल्या मशीनलाही ते पाठ असावं.

"म्हणजे सात झाली," नसरीन बोटं मोजत म्हणाली. "मी आन हे कुठं?"

"फुफी, तुमच्यासाठी बस हाये की. बसला पाय मोकळं करता येत्यात."

नसरीनचा चेहरा असा झाला की दोन्ही शीरखुर्म्यांचा हिशेब तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला असावा. "दूध एवढं महाग झालंय," ती एवढंच पुटपुटली.

अकिलाला हसू येत होतं, पण ती ते चहाबरोबर प्याली. "बरं," ती म्हणाली, "गाडी चांगली हाय. तुमी समदी चांगली हाय म्हणताय, म्हणजे असणार. माझी एकच अट. मागं बसून कामथडीला जो जाईल आन हसत खाली उतरंल, तो सांगंल तसं म्या करीन. सही म्हणला तर सही."

"काकू, शोरूमची ट्रायल दहा किलोमीटरचीच असते," सोनिया म्हणाली.

"पोरी, सात वर्षांचं कर्ज दहा किलोमीटरवर घ्यायचं व्हय?"

सोनियानं घड्याळ बघितलं, महिनाअखेर आठवली आणि ती गाडीत जाऊन बसली.

पहिला नंबर बिलालनं स्वतःहून लावला. पानशेतच्या पार्ट्या त्याला अजून दिसत होत्या. त्याच्याबरोबर नसरीनला जावं लागलं, कारण नवऱ्याला एकटं सोडलं तर तो कुठं सही करून येईल याचा तिला भरवसा नव्हता. हायवेला लागेपर्यंत बिलाल बोलत होता. हायवेला लागल्यावर पहिला गतिरोधक आला आणि छताला डोकं आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्याला आवाज आला तो नसरीनचा.

"हाशिम, एसी मागं येत न्हाई का रे?"

"येतो, फुफी. मधल्यांना थंड करून येतो."

"मग मधल्यांना लवकर थंड कर."

कामथडीत रस्त्याकडेला गाडी थांबली. बिलालला बाहेर काढताना त्याचा डावा पाय आधी आला, मग बराच वेळ काही आलं नाही, मग तो आला. हसण्याचा त्यानं मनापासून प्रयत्न केला. नसरीन उतरली ती थेट एका बाभळीच्या आडोशाला गेली आणि तिथून परतली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती.

"भाभी," ती म्हणाली, "ही जागा तुमच्यासाठी ठेवली व्हती ह्यानं?"

"माझ्यासाठी आन तुझ्या भावासाठी."

नसरीननं नजीरकडं पाहिलं. नजीरनं हाशिमकडं पाहिलं. हाशिम टायरकडं बघत होता.

"अब्बा, डिझाइनच तसं असतं. सगळ्या कंपन्यांचं," तो म्हणाला.

"डिझाइन गाडीचं असतं," नजीर म्हणाला. त्याला राग आला की तो दुकानातल्या आवाजात बोले, हळू आणि मोजून. "कुणाला कुठं बसवायचं, ते काय कंपनीनं न्हाई ठरवलं. जीपमधी चौदा माणसं कोंबून नेली लोकांनी, पण म्हातारं माणूस दिसलं की डायवर सोताशेजारी जागा करायचा. म्या त्या सीटांत काथ्या भरलाय. मला ठाव हाय कोण कुठं बसायचं."

अकिलानं मग शिवलेल्या कव्हरांची गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, माप आणि तिरप्या कापासकट. पुण्याच्या पार्टीचं नाव ऐकून नजीरनं मुलाकडं असं पाहिलं की हाशिमला टायरही पुरेना. गिऱ्हाइकाचं नाव खोटं सांगून काम करून घेणं, हे त्या दुकानात तीन पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

"चुकलं माझं," हाशिम म्हणाला. "पण तुमाला न्हाई कळायचं. साडू मला अजून 'सीटवाल्याचा पोरगा' म्हणतो. सगळ्यांम्होरं."

तो खरंच दुखावलेला होता. अकिलाला पोराची दया आली, आणि दया आली म्हणून ती विरघळली नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. "मग सीटवाल्याच्या पोरानं सीटवर बसून बघाय नको व्हय?" ती म्हणाली. "आता तुझी पाळी. भोरपातूर."

"आन गाडी कोण चालवणार?"

"सोनिया चालवंल. तिचीच हाय."

बिलालला पुन्हा मागं जावं लागलं, कारण दुसरी जागाच उरली नव्हती. मधे नजीर, नसरीन आणि गुलफशा बसली. अकिलानं पुढचं दार उघडलं आणि ती सोनियाच्या शेजारी बसली. बत्तीस वर्षांत तिनं असली शेकडो सीटं शिवली होती, पण चालत्या गाडीत पुढं बसायची तिची ही पहिलीच खेप होती. समोर सगळा रस्ता दिसत होता. एवढं दिसत असताना पुरुष माणसं गाडीत झोपतात कशी, असं तिच्या मनात आलं.

"आवडली ना काकू गाडी?" सोनियानं हळूच विचारलं.

"पुढनं लई चांगली हाय गं."

मागून पहिल्या पाच किलोमीटरमध्ये आवाज आला नाही. मग हाशिमनं विचारलं, जरा हळू घेता येईल का. मग विचारलं, मधली मंडळी थोडी पुढं सरकतील का. नजीर म्हणाला, त्याच्या कंबरेला हेच बरं वाटतंय. नसरीननं सीट आणखी जरा मागं रेलवलं. बिलाल दोनदा कण्हला.

भोर आलं. पावणेबारा वाजले होते. दुकानाच्या वळणाशी सोनियानं इंडिकेटर लावला, तर अकिला म्हणाली, "सरळ घे. बाजारपेठेत. पतसंस्थेपाशी उभी कर."

गाडी थांबली. अकिलानं पर्समधून घडी घातलेला फॉर्म काढला, सुरकुत्या मांडीवर सारख्या केल्या आणि नजीरच्या खांद्यावरून मागं दिला. त्यावर पेन ठेवला.

"हे काय?" हाशिमचा आवाज आला.

"मशीनचा फॉर्म. खाली जामीनदार म्हणून जागा हाय. सावळाराम बाराला दार लावत्यात."

"अम्मी, आधी उतरू तर द्या. घरी जाऊन बघतो."

"चारदा बघितलंस तू."

"अब्बा, तेवढा खटका दाबा की."

नजीरनं खटक्याकडं पाहिलं. तो त्याच्या उजव्या हाताशीच होता. त्यानं हात उचलून मांडीवर ठेवला. "मला न्हाई रे जमत असलं नवीन काय. आमच्या जीपला खटकं नव्हतं."

"फुफी?"

"माझं तर बसमधी सीट हाय, बाळा."

हाशिमनं शेवटी बायकोकडं पाहिलं. गुलफशा खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

"अम्मी, गाडीचं मग काय?"

"तुझं नाव नीट कर आन तुझ्या नावावर घे," अकिला म्हणाली. "आमी समदी येऊ बसायला. कव्हरं हायेतच तयार. पार्टीनं बिल भरलं की घेऊन जा."

"काकू, बुकिंगचे पैसे परत मिळतात," सोनिया पुढून म्हणाली. मांडीवरच्या फाइलीतली पिवळ्या चिठ्ठ्या लावलेली पानं तिनं गुमान मिटून टाकली होती. "जरा वेळ लागतो एवढंच."

"कर बाबा सही," बिलाल मागून काकुळतीला आला. "माझा ह्यो पाय आता माझा राहिला न्हाई."

"बिलालभाई, जामिनाची सही काय तुमाला नवी न्हाई," अकिला मागं न बघता म्हणाली. "वाट बघत बसायची जागा तेवढी नवी हाय."

 मागून पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. हाशिमनं फॉर्म गुडघ्यांवर ठेवला. गुडघे हनुवटीपाशीच होते, त्यामुळे टेबल लागलं नाही. सही झाली तशी वाकडीच, पण त्याचीच होती. फॉर्म नजीरच्या खांद्यावरून पुढं आला.

अकिलानं चष्मा लावून सही बघितली, तारीख बघितली आणि दार उघडून ती उतरली. समोर सावळारामांनी एक दार ओढून घेतलं होतं, दुसरं अजून उघडं होतं.

"अम्मी, आता तरी उतरू का?"

अकिलानं नजीरकडं पाहिलं आणि खटक्याकडं गेलेला हात नजीरनं परत मांडीवर घेतला.

"म्या पावती घेऊन येते," ती म्हणाली. "तवर कुणी उठू नका."